भैरवी व्हायची आहे

हे माझ्या सख्ख्या मामेभावाच्या घरात घडलं आहे. ऐकीव नाही. तारीखही सांगते. रविवार, ४ फेब्रुवारी २०२४. वेळ दुपारी चारची. जागा लालबागमधली हेमराज चाळ, दुसरा मजला, खोली नंबर सतरा.

दुपारी चारला कसलं आलंय भूत, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. त्याने निदान दिवेलागणीपर्यंत तरी थांबावं, एवढी आपली अपेक्षा असतेच. पण चाळीत कोणालाही विचारा. जे बाहेर होते, त्यांनी काय ऐकलं ते आजही सांगतात.

आत जे चौघं होते, ते मात्र बोलत नाहीत.

मला वैभवने एकदाच सांगितलं. तेही मी त्याच्यावर भयंकर चिडले होते म्हणून.

वैभव हा माझ्या राजामामाचा मुलगा. वय चौतीस, विम्याच्या कंपनीत नोकरी, गळा अजिबात नाही पण कान तयार. मामा-मामी कणकवलीजवळ गावी राहायला गेल्यापासून सतरा नंबरमध्ये तो आणि त्याची बायको प्राची, असे दोघंच. दिवाळीनंतर त्याच्या डोक्यात खूळ शिरलं. मित्रांना घरी बोलवायचं आणि गाणं ऐकायचं. नुसतं ऐकायचं. गप्पा नाहीत, फोन नाहीत, एकीकडे गाणं लावून दुसरीकडे भाजी निवडणं नाही.

"हल्ली गाणं कोणी ऐकत नाही गं, ते नुसतं चालू असतं," असं तो म्हणायचा. इतक्यांदा म्हणायचा की प्राची कानात बोटं घालायची.

नाव ठेवलं कानसेन मंडळ. सभासद चार. एक वैभव. दुसरा तीन खोल्या सोडून राहणारा राकेश, ज्याचा खरा जीव गाण्यात नसून पोह्यांत होता. तिसरा नायगावच्या बीडीडी चाळीतला गौतम. तो साउंडची कामं घ्यायचा, आणि त्याच्या आजोबांची एके काळी स्वतःची गायन पार्टी होती. चौथी गिरगावची मेघना, शाळेत शिक्षिका, लहानपणी सात वर्षं गाणं शिकलेली.

नियम दोनच होते, आणि दोन्ही वैभवचे.

पहिला, फोन तांदळाच्या डब्यात. खरोखरच. स्वयंपाकाच्या ओट्याखालचा मोठा स्टीलचा डबा उघडायचा, चारही फोन तांदळात खुपसायचे, झाकण लावायचं.

दुसरा, भैरवी होईपर्यंत उठायचं नाही.

मोठी मैफल असो की चाळीतलं भजन, आपल्याकडे शेवट भैरवीने होतो. भैरवी झाली की संपलं. मग चहा प्या, चपला शोधा, घरी जा. त्याआधी उठणं म्हणजे पंगतीतून अर्धं पान टाकून उठण्यासारखं. म्हणून प्रत्येक बैठकीच्या शेवटी एक भैरवी लावायची आणि मगच सतरंजी उचलायची, असं ठरलं. सुरुवातीला चौघं हात जोडून एका सुरात म्हणायचे, "भैरवीपर्यंत बसतो."

गंमत म्हणून म्हणायचे. तीन बैठका मजेत झाल्या.

चौथ्या बैठकीला प्राची घरात नव्हती. बाळंतपणासाठी शीवला माहेरी गेली होती. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. दोन वर्षांपूर्वी प्राचीचं पहिलं मूल पोटातच गेलं. तेव्हा ती एकटी होती. वैभव ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता आणि फोन सायलेंटवर. त्याने सतरा मिस्ड कॉल संध्याकाळी पाहिले. ती त्याला कधी एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं होतं. यावेळी त्याने तिचा हात हातात घेऊन शब्द दिला होता की कळ आली की सगळ्यांच्या आधी मी पोचणार.

त्या रविवारी सकाळी ती फोनवर म्हणाली, "बस तू तुझ्या मंडळात. पण फोन जवळ ठेव हां."

"ठेवतो गं," तो म्हणाला.

आदल्या आठवड्यात तो पाळणा काढायला माळ्यावर चढला होता. पाळण्यात जुनी गोधडी होती. गोधडीत एक कॅसेट. वर राजामामाच्या अक्षरात तीन शब्द लिहिलेले.

बाबा. रविवार. संप.

बाबा म्हणजे आमचे आजोबा, गणपत बुवा. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि चाळीच्या भजनी मंडळाचे बुवा होते. ब्याऐंशीचा संप सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी ते याच खोलीत, भजन गाता गाता गेले. भाग्यवान माणूस, असं घरात सगळे म्हणायचे. पण त्यापुढे कोणी काही सांगायचं नाही. माझी आई तर विषयच बदलायची. त्या दिवसाची कॅसेट आहे, हे आम्हा नातवंडांना ठाऊकच नव्हतं.

वैभवने मामाला विचारायला हवं होतं. त्याने नाही विचारलं. आधी ऐकू, मग सांगू, असा त्याचा विचार.

चारला सगळे जमले. गौतमने स्वतः दुरुस्त केलेला टू-इन-वन टेपरेकॉर्डर आणला होता. गॅलरीतून शेजारच्या टीव्हीचा आवाज येऊ नये म्हणून वैभवने दाराला कडी घातली, मागची खिडकी लावली, ट्यूब लावली. मग तांदळाचा डबा उघडला.

मेघना म्हणाली, "वैभव, तुझा फोन राहू दे ना बाहेर. प्राचीचा आला तर?"

"अजून तीन आठवडे आहेत. आणि मीच नियम मोडला तर हा राकेश उद्या क्रिकेट लावून बसेल."

"मला कशाला मध्ये घेतोस?" राकेश म्हणाला.

"तासाभराचा तर प्रश्न आहे," वैभव म्हणाला आणि त्याने झाकण लावलं.

चौघं सतरंजीवर बसले. हात जोडले. "भैरवीपर्यंत बसतो."

गौतमने बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग पेटीचा सूर. मग मृदंग, झांज... आणि मग एक जाड, उघडा, कोकणी आवाज.

वैभवने आजोबांना पाहिलं नव्हतं. तो जन्मायच्या आठ वर्षं आधी ते गेले. त्यांचा आवाज त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. त्याचे डोळे भरून आले. त्याला खूप आनंद झाला होता, हे त्याने मला दोनदा सांगितलं. पुढचं सगळं सांगून झाल्यावरही सांगितलं.

दोन अभंग झाले. मध्येच टेपमध्ये कडी वाजली. कोणीतरी आत आलं असावं. "या, या. सरका जरा, जागा करा," असं कोणीतरी म्हणालं.

राकेश सरकला.

"तू का सरकलास?" गौतमने विचारलं.

"माहीत नाही यार. कोणी बसायला आलं असं वाटलं."

तिघं हसले. राकेश मात्र पुन्हा जागेवर सरकला नाही. त्याच्या शेजारी एका माणसाची जागा तशीच मोकळी राहिली.

तिसऱ्या अभंगानंतर राकेशला बाहेर जायची गरज लागली. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. तो हळूच उठायला लागला, आणि टेपमधून मालवणीत एक हसरा आवाज आला.

"उठान जातलंस खंय? बस. गिरण बंद आसा."

उठून जाणार कुठे, गिरणी बंद आहे. टेपमधली दहा-बारा माणसं हसली. संपाचे दिवस. सकाळी उठून जायला कोणाला जागाच नव्हती, म्हणून बसत असतील बिचारे दिवसभर. राकेशही हसला.

"टायमिंग बघ काय आहे," तो म्हणाला आणि खाली बसला.

मग बुवांना खोकला आला. पेटी थांबली. क्षणभर काहीच नाही... आणि पुन्हा पहिला अभंग सुरू झाला.

तोच. त्याच पेटीच्या सुरापासून.

"परत लागला का?" मेघना म्हणाली.

"आपोआप कशी लागेल? रिवाइंडच नाही केली," गौतम म्हणाला. मग त्याने वाकून पाहिलं. ती साठ मिनिटांची कॅसेट होती. एक बाजू अर्ध्या तासात संपायला हवी. "किती वेळ झाला रे आपल्याला?"

घड्याळ नव्हतं. पाळण्यासाठी भिंत मोकळी करताना वैभवने ते काढून ठेवलं होतं. बाकीची घड्याळं तांदळात.

गौतम कॅसेटकडे बघत राहिला. आतली चाकं फिरत होती. टेप सरकत नव्हती.

"बंद करतो," तो म्हणाला आणि उठला.

पुन्हा खोकला. पुन्हा पहिला अभंग.

"अरे, बंद करणार होतास ना?" वैभव म्हणाला.

गौतम मांडी घालून बसलेला होता. त्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाला, "मी उठलो होतो. तुम्ही पाहिलंत ना मला उठताना?"

पाहिलं होतं. तिघांनीही पाहिलं होतं.

बसताना कोणी पाहिलं नव्हतं.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की बाहेरून आवाज येत नव्हता. रविवारी लालबागच्या चाळीत. टीव्ही नाही, कुकरची शिट्टी नाही, गॅलरीत कोणाचं भांडण नाही. गाडीचा हॉर्नसुद्धा नाही.

आता वैभव उठला. दार सात पावलांवर. त्याने ती मोजली. एक, दोन, तीन... सात. त्याने कडीला हात लावला. गार होती. त्याने ती वर उचलली...

तो सतरंजीवर बसला होता.

मेघना त्याच्याकडे पाहत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वैभवने हात पाहिला. बोटांना कडीचा गंज लागला होता. म्हणजे तो गेला होता. दारापर्यंत गेला होता. कडीसुद्धा उचलली होती.

मग डब्यात फोन वाजला.

तांदळात फोन थरथरला की कोणीतरी आतून उकरतंय असा आवाज येतो. वर प्राचीची ट्यून. तिच्यासाठी त्याने वेगळी लावली होती, चुकू नये म्हणून.

"प्राची," तो म्हणाला. "प्राचीचा आहे."

तो उठला नाही. उठून उपयोग नाही हे कळलं होतं. तो सतरंजीवरून गुडघ्यांवर रांगत निघाला. सतरंजीच्या काठापर्यंत पोचला. डबा हाताच्या अंतरावर होता. तेवढ्यात आवाज आला. एकाचा नाही, पुष्कळांचा.

"बसा, बसा. भैरवी व्हायची आहे."

हा आवाज टू-इन-वनमधून आला नव्हता.

त्याच्या मागून आला होता.

वैभवने मागे पाहिलं नाही. मागे पाहायची हिंमत त्याला आजही नाही. तो पुन्हा आपल्या जागेवर होता आणि फोन वाजतच होता. थांबायचा, पुन्हा वाजायचा. त्याला दोन वर्षांपूर्वीचे सतरा मिस्ड कॉल आठवले. त्याने हे मोजायला सुरुवात केली आणि मग थांबला. त्याला मोजवेना.

किती वेळ गेला कोणालाच सांगता येत नाही. भूक नाही, तहान नाही. राकेशची मघाची गरजही कुठे गेली ती गेली. फक्त पहिला अभंग, दुसरा, तिसरा, खोकला. पुन्हा पहिला.

मेघनाने आधी ओळखलं. ती कुजबुजली, "भैरवी झालीच नाही. त्या दिवशी. भैरवीच्या आधीच गेले ना ते?"

ती वैभवकडे वळली.

"सगळे अजून बसलेत, वैभव. आणि आपणही म्हणालो. भैरवीपर्यंत बसतो, असं आपणच म्हणालो."

मंडळाने या बैठकीसाठी निवडलेली भैरवी गौतमच्या फोनमध्ये होती. फोन तांदळात. मग मेघनाने डोळे मिटले आणि स्वतःच सुरू केलं. शाळेत असताना शिकलेली भैरवीतली एक चीज. आवाज थरथरत होता, पण सूर सुटला नाही. मृदंगाने साथ दिली नाही. झांजा गप्प. ती संपेपर्यंत खोलीत दुसरा श्वाससुद्धा ऐकू आला नाही.

मग अगदी जवळून, कौतुकाने कोणीतरी म्हणालं, "बरां म्हटलंस गो चेडवा. पण बुवांची व्हवची आसा."

छान म्हटलंस पोरी. पण बुवांची व्हायची आहे.

पहिला अभंग पुन्हा सुरू झाला.

आणि डब्यातला फोन बंद पडला. बॅटरी संपली असावी. ती ट्यून आता येणार नाही, हे कळल्यावर वैभव खचला. तो तोंड झाकून रडायला लागला. रडता रडता तो काहीतरी पुटपुटत होता. त्याचं त्यालाच कळत नव्हतं. राजामामा रात्री दिवा मालवताना जी अंगाई म्हणायचा, ती. प्राची माहेरी जाईपर्यंत तो रोज तिच्या पोटाजवळ तोंड नेऊन तीच म्हणायचा. बेसूर. प्राची हसायची.

मेघनाने त्याचा हात घट्ट धरला. "हे काय म्हणतोयस?"

"अंगाई. बाबा म्हणायचे."

"अंगाई नाही ही. वैभव, हे भैरवीचे सूर आहेत. बाबांना कोणी शिकवली?"

"आजोबांनी असणार," वैभव म्हणाला.

"शब्द म्हण," ती म्हणाली. "मोठ्याने."

त्याला गळा नव्हता. तरी त्याने म्हटलं.

"आज्ञा द्यावी देवा आता, झाला किती काळ,
घरी वाट पाहत असे माझे तान्हे बाळ."

टेपमधला अभंग थांबला.

मृदंगावर एक थाप पडली. मग दुसरी. मग झांजा, हळूहळू, एकेक करून. वैभव पुन्हा तेच दोन चरण म्हणायला लागला. दुसऱ्यांदा म्हणताना त्याच्यासोबत आणखी एक आवाज होता. जाड, उघडा, कोकणी. त्यात खोकला नव्हता.

शेवटचा सूर लांबला आणि संपला.

खोलीत कोणीतरी मोठा सुस्कारा सोडला. मग लुगड्या-धोतरांची सळसळ. गुडघे मोडल्याचे आवाज. गिरणीतल्या तेलाचा वास. माणसं उठत होती. एकेक जण वैभवच्या खांद्याजवळून दाराकडे जात होता.

"येतो बुवा."

"येतो हां."

"येतंय रे."

गार वारा लागावा तसा एकेक जण गेला. अकरा, असं मेघनाने नंतर वैभवला सांगितलं. तिने मोजले. मग टू-इन-वनचं बटण टक करून वर आलं.

वैभव उठला. सात पावलं. कडी उघडी होती. त्याने दार ओढलं.

बाहेर सकाळ होती.

नळाला पाणी आलं होतं. बादल्यांचा गजर, शाळेची पोरं, दूधवाला. समोरच्या राधाबाई कळशी घेऊन उभ्या होत्या. त्याला बघून त्या हसल्या.

"झाला काय रे भजन? रात्रभर काय रंगला होता. तुझ्या आजोबांची आठवण आली बघ."

"रात्रभर?"

"मग काय. तुझा मेव्हणा आलेला दहाच्या सुमाराला. दार ठोकठोक ठोकला. मी म्हटलं, आत भजन चाललाय, ऐकू नाय जायचा. तो काहीतरी बोलून तणतणत गेला."

मेव्हणा काय बोलला ते नंतर कळलं. बायको अडली आहे आणि हा भजन करतोय, असं तो म्हणाला होता.

प्राचीला रविवारी पाचलाच कळा सुरू झाल्या होत्या. बाळाचे ठोके मध्येच कमी झाले. पहाटे ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या, पण रात्री एक वेळ अशी आली होती की डॉक्टरांनी तिच्या भावाकडून सह्या घेतल्या. तिने शुद्धीत असेपर्यंत फोन हातातून सोडला नव्हता.

वैभव शीवच्या हॉस्पिटलात पोचला तेव्हा साडेआठ झाले होते. प्राचीने त्याच्याकडे पाहिलं.

"भजन छान झालं म्हणे," ती म्हणाली आणि तिने कूस बदलली.

मी त्याला फोनवर नको नको ते बोलले. तेव्हा त्याने मला दादरला, माझ्या घरी येऊन, वर लिहिलं ते सगळं सांगितलं. मी विश्वास ठेवला नाही. मग माझ्यासमोर त्याने राजामामाला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि सगळं पुन्हा सांगितलं. मामाने सगळं ऐकून घेतलं.

"भैरवी म्हटलीस ना पुरी?" शेवटी त्याने विचारलं.

"म्हटली."

"माका त्या दिवशी म्हणूक झाली नाय रे. मी झांज वाजवत होतंय. बाबा पेटीवरच पडले आणि माझो आवाजच फुटलो नाय." त्या भजनातला आज मामा एकटाच उरला होता. मग म्हणाला, "गेले ना सगळे?"

"गेले. एकेक जण येतो म्हणून गेला."

"आणि तू काय म्हटलंस?"

वैभवने माझ्याकडे पाहिलं.

"वैभव. ते येतो म्हणाले तेव्हा तू काय म्हटलंस?"

"या म्हटलं," वैभव म्हणाला. "सवयीने. प्रत्येकाला. हां, या, असं म्हटलं."

मामाने आधी देवाचं नाव घेतलं.

"कोणी शिकवल्यान रे तुका ह्या?"

"तुम्हीच," वैभव म्हणाला.

आपण सगळेच शिकवतो. घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, अशुभ असतं. येतो म्हणायचं. आणि घरातल्याने त्यावर या म्हणायचं. पोरगं बोलायला लागलं की पहिलं हेच शिकवतो.

प्राची सव्वा महिन्याने घरी आली. तिने त्याला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. ती बोलते, हसते. पण फोन वाजला की आधी त्याच्याकडे बघते. कानसेन मंडळ बंद झालं. कॅसेट मामाने समुद्रात सोडायला सांगितली, ती गौतमने सोडली. दुसरं घर बघ, असं मी वैभवला म्हटलं. तो म्हणाला, "उठून जाणार कुठे?" आणि मग स्वतःच दचकला.

बाळ गुणी आहे. रडतं, दूध पितं, झोपतं. फक्त रविवारी दुपारी चारला ते जागं असतं. एकदम शांत. डोळे सतरंजीच्या जागेवर. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर, मग तिसऱ्या... जणू ओळीने बसलेल्यांकडे बघतंय.

त्या घरात आता कोणी येतो म्हणत नाही. निघायचं तर गप्प उठायचं आणि जायचं. वैभवने सगळ्यांना सांगून ठेवलंय. मलाही सांगितलं होतं.

गेल्या रविवारी मी बाळाला बघायला गेले होते. अंगडं-टोपडं दिलं, चहा घेतला. निघायला साडेचार झाले. मी दारात चपला घालत होते. डोक्यात दुसरंच काहीतरी होतं. बसस्टॉपवर गर्दी असेल का, असलं काहीतरी.

"येते हां," मी म्हणाले.

म्हणाले आणि थांबले. वैभवचा चेहरा पांढरा पडला होता. प्राचीने बाळाला छातीशी धरलं. दोघांनीही तोंडातून चकार शब्द काढला नाही. ते काहीच बोलले नाहीत, हे मी शपथेवर सांगते.

तरी खिडकीजवळून, जिथे पूर्वी आजोबांची पेटी असायची तिथून... अगदी प्रेमाने आवाज आला.

"या."

आज शनिवार आहे. मी जाणार नाहीये. वैभवला फोन करून सांगितलंय, नवऱ्याला सांगितलंय, उद्या मुद्दाम पाहुणे बोलावलेत.

पण मघाशी कपाट आवरताना पाहिलं, तर उद्यासाठी एक साडी काढून, घडी नीट करून वर ठेवलेली होती. ती मीच ठेवली असणार. घरात साड्यांना हात लावणारं दुसरं कोणी नाही.

मला ठेवल्याचं आठवत नाही.

येते म्हणाले होते ना मी.